व्यसनमुक्तीचा खर्च: केंद्रातला महिना आणि नंतरचे वर्ष

घरातल्या माणसाची दारू सोडवायची ठरली की पहिला प्रश्न येतो, 'केंद्रात किती घेतात?' तेवढ्यावर हिशेब पुरा होत नाही. केंद्रातला महिना कसाबसा निभावतो. पैसे, माणसे आणि छप्पर यांची खरी गरज लागते ती पेशंट बाहेर आल्यावर, निदान वर्षभर. म्हणून दागिने गहाण ठेवून उभी केलेली रक्कम पहिल्याच महिन्यात संपवू नका. निम्मी तरी पुढच्यासाठी ठेवा.

सुरुवात फुकटात होते. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी 'टेलिमानस'चा १४४१६ हे दोन्ही सरकारी क्रमांक मोफत आहेत. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपर आणि तपासण्यांचे शुल्क माफ झाले. त्यामुळे, उदाहरणार्थ, कराडकरांनी आधी वेणूताई चव्हाण उपजिल्हा रुग्णालय गाठावे आणि मानसोपचाराची सोय तिथेच होते की पुढे पाठवतात, ते विचारावे. मलकापूरच्या कृष्णा रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. सांगलीकडच्यांना मिरजेचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय जवळ पडते.

इथे एक गोष्ट ठासून सांगायची आहे. रोज भरपूर पिणाऱ्याची बाटली घरच्या घरी एका दिवसात बंद करू नका. शेवटच्या पेगनंतर काही तासांत हातपाय थरथरायला लागतात, पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात, आणि दोन ते चार दिवसांत भ्रम होऊन जिवावर बेतू शकते. हे दिवस डॉक्टरांच्या देखरेखीखालीच काढायचे असतात. 'नकळत दारू सोडवा' म्हणणाऱ्या पुड्यांवर एक रुपयाही घालवू नका. दारू सोडवण्याचे डायसल्फिरामसारखे औषध पेशंटला न सांगता जेवणात कालवले आणि तो वर प्यायला, तर प्रसंग ओढवतो.

दाखल करायचे ठरले तर साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी उभी केलेली 'परिवर्तन' संस्था आहे; कराडहून अंतर पन्नासेक किलोमीटर. पुण्यात २९ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीने सुरू केलेले 'मुक्तांगण' आहे. तिथला उपचार ३५ दिवसांचा असतो आणि स्त्रियांसाठी 'निशिगंध' हा वेगळा विभाग आहे. अशा संस्थांत ऐपत नसेल तर तसे स्पष्ट सांगा, सवलत मागायला लाजू नका. केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयाच्या अनुदानावर चालणारी केंद्रेही राज्यात आहेत. जवळचे केंद्र कुठे आहे, ते १४४४६ वर विचारता येते.

केंद्र कोणतेही असो, 'महिन्याचे अमुक' एवढ्या उत्तरावर थांबू नका. औषधे त्यात धरली आहेत का? रक्ततपासणी? मध्येच दवाखान्यात हलवावे लागले तर खर्च कोणाचा? पेशंट लवकर निघाला तर उरलेले पैसे परत मिळतील का? नंतरच्या समुपदेशनाला फी आहे का? उत्तरे कागदावर घ्या आणि प्रत्येक रकमेची पावती मागा.

भिंतीवर नोंदणीचे प्रमाणपत्र दिसत नसेल, तर स्वस्त असले तरी परत फिरा. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात साखळीने बांधण्यास पूर्ण बंदी आहे. पेशंटची स्वतः ठरवण्याची क्षमता नसेल, तरच त्याच्या नामनिर्देशित प्रतिनिधीच्या अर्जावरून आणि दोन तज्ज्ञांच्या स्वतंत्र तपासणीनंतर त्याला दाखल करता येते, तेही आधी ३० दिवसांपर्यंत. 'गाडी पाठवतो, उचलून नेतो' म्हणणाऱ्याला पैसे देणे म्हणजे आपल्याच माणसावरच्या अत्याचाराची किंमत मोजणे आहे.

आरोग्य विम्यावर फार विसंबू नका. बहुतेक पॉलिसींत दारू आणि अमली पदार्थांच्या व्यसनावरचे उपचार वगळलेले असतात. वगळणुकीच्या यादीतला संकेतांक १२ वाचा. सरकारी योजनेत काही बसते का, ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा.

आता नंतरचे वर्ष. औषधे, पाठपुराव्याच्या फेऱ्या, बुडालेली मजुरी असे तीन आकडे वहीत मांडा. मजुरी त्यात सर्वांत मोठी निघते, म्हणून मालकाशी किंवा मुकादमाशी आधीच बोलून ठेवा. बरोबर जाणाऱ्या आई-बायकोला एसटीत निम्मे तिकीट आहे. दारू सोडणाऱ्यांच्या 'अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस' या गटाच्या सभांना फी नसते, ऐच्छिक वर्गणी असते. घरच्यांसाठी अशाच सभा घेणारा 'अल-अनॉन' हा गट आहे.

आणि ज्याला घरच उरले नाही, त्याचे काय? माझ्या मते सगळ्यांत मोठी उणीव इथेच आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने अर्धमार्ग गृहे (हाफवे होम) आणि आधारासह निवास देण्याची जबाबदारी सरकारवर टाकली, पण गरजेच्या मानाने अशा जागा फार थोड्या आहेत. शहरी बेघरांसाठीच्या निवाऱ्याचा निकष लाख लोकसंख्येमागे एक असा आहे, म्हणजे लाखाच्या आतले कराड त्यात मागेच राहते. सांगलीत महापालिकेचे बेघर निवारा केंद्र आहे. मात्र निवाऱ्यात रात्र निघते, व्यसनमुक्तीला लागणारी साथ तिथे मिळेलच असे नाही. म्हणून दाखल करतानाच केंद्राच्या समाजसेवकाला विचारा, 'सुटीनंतर हा कुठे राहणार?' उपचार झालेल्या काहींना व्यसनमुक्ती संस्थांत कार्यकर्ता म्हणून काम मिळते. भाड्याची खोली घ्यायची असेल, तर अनामत आणि दोन महिन्यांचे भाडे आधीच बाजूला काढा. पैसे त्याच्या हातात न देता थेट खोलीमालकाला द्या, आणि तसे करणार असल्याचे त्याला आधी सांगा.