बे दुणे चार

अंबाडीच्या वाखाचे दावे वळताना तुम्ही पाहिले असेल. कित्येकांनी वळलेही असेल. एका पेडाने बैल आवरत नाही. हिसका बसला की पेड तुटतो. म्हणून दोन पेड एकत्र पिळायचे. जाड दोर हवा, तर तीन.

या पेडाला संस्कृतात शब्द आहे गुण. दोन पेडांची दोरी ती द्विगुण, तीन पेडांची त्रिगुण. पुढे शब्द दोरीपुरता राहिला नाही. कशाचीही दुप्पट झाली, तरी लोक द्विगुण म्हणू लागले. गुणणे, गुणाकार हे शब्द त्यातूनच आले. जुन्या गणिताच्या पोथ्यांत गुणण्याला 'हनन' असेही म्हणत. हनन म्हणजे मारणे! त्यापेक्षा आपला पेड बरा.

आता पाढा म्हणा बघू. बे एके बे, बे दुणे चार. हा 'दुणे' म्हणजे द्विगुणच. तोंडी रुळता रुळता झिजला. बे त्रिक सहा. त्रिक म्हणजे तिघांचा गट. बे चोक आठ. चोक म्हणजे चौघांचा गट. चार वाटा मिळतात तो गावचा चौक, तो याचाच भाऊ. आणि पाढा म्हणजे पाठ म्हटलेले. म्हणून तर अक्षर न येणाऱ्या म्हाताऱ्यांनाही पावकी-दिडकी घडाघडा येत असे.

दुपटीचा आणखी एक शब्द आहे, दामदुप्पट. हल्ली फसवे लोक याच शब्दाने भुलवतात : पैसे ठेवा, दामदुप्पट देऊ. पण मुळात हा शब्द कर्जदाराच्या बाजूचा. सावकाराने एका वेळी वसूल करायचे व्याज मुद्दलाहून जास्त असू नये, असा जुना नियम होता. मनुस्मृतीत तो आहे. इंग्रजी अमलात मुंबई हायकोर्टानेही हिंदू कर्जदारांसाठी तो मानला. पण व्याज मुद्दलाएवढे कधी झाले, हे ज्याला मांडता येत नसे, त्याला नियमाचा काय उपयोग?

समजा, 500 रुपये काढले. व्याज दरमहा शेकडा 2. शंभराचे 2, तर पाचशेचे किती? पाच दुणे दहा. महिन्याला 10 रुपये. म्हणजे 50 महिन्यांत व्याजच 500 झाले. चार वर्षे आणि दोन महिने.

आता पाटी घ्या. कर्ज 400 रुपये, व्याज दरमहा शेकडा 4. व्याज मुद्दलाएवढे व्हायला किती महिने लागतील?