डिझेलची नळी आणि न दिसणारी गळती

नागपूरच्या उत्तरेस सावनेर तालुक्यात खापरखेडा आहे. येथील औष्णिक वीजकेंद्रात २१० मेगावॉटचे चार आणि ५०० मेगावॉटचा एक असे संच आहेत. जवळपास कोळशाच्या खाणीही आहेत. त्यामुळे कोळसा आणि राख वाहणारे ट्रक येथे नेहमीचेच. अशा एखाद्या जुन्या ट्रकचे दुखणे पुष्कळदा असे असते : सकाळी इंजिन लवकर सुरू होत नाही, भरल्या मालानिशी गाडी चढावर बंद पडते; पण खाली डिझेलचा एक थेंबही सांडलेला नसतो. मिस्त्री म्हणतो, "गाडीनं एअर घेतली," आणि नळ्या बदलायला घेतो. त्याचे म्हणणे शास्त्राला धरून आहे का, ते पाहू.

डिझेलचा प्रवास

टाकीतील डिझेल प्रथम फीडपंप ओढून घेतो. तेथून ते फिल्टरमध्ये व पुढे इंजेक्शन पंपात जाते. हा पंप ते जाड पोलादी नळ्यांतून इंजेक्टरकडे ढकलतो. जुन्या इंजिनात इंजेक्टर सुमारे २०० वातावरणे इतक्या दाबाला उघडतो. असे पंप जर्मनीतील बॉश कंपनीने १९२७ साली मोठ्या प्रमाणावर बनवण्यास सुरुवात केली.

टाकी ते फीडपंप या टप्प्यात नळीतील दाब बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षा कमी असतो. म्हणून तेथे चीर पडली, तर इंजिन चालू असताना डिझेल बाहेर येत नाही. हवाच आत शिरते. न दिसणारी गळती ती हीच.

बुडबुडा काय करतो?

समजा, पंप प्रत्येक फेकीला १०० घन मिलिमीटर डिझेल ढकलतो. २०० वातावरणांच्या दाबाखाली डिझेल जेमतेम एक-दीड टक्का आकसते. हवेचे मात्र तसे नाही. बॉइलच्या नियमानुसार (तापमान कायम धरले तर) तिचे आकारमान २००व्या हिश्शावर येते. म्हणजे १०० घन मिलिमीटरचा, लहान वाटाण्याएवढा, बुडबुडा दाबण्यातच जवळजवळ सारी फेक खर्ची पडते. इंजेक्टर उघडतच नाही आणि इंजिन गप्प होते.

नळी बदलताना

रबरी नळी उष्णतेने व काळाने कडक होऊन तडकते. तांब्याची नळी सततच्या हादऱ्यांनी कठीण होऊन चिरते. शिवाय तांब्यामुळे डिझेल लवकर खराब होऊन चिकट साका धरते. जस्ताचा मुलामा असलेली नळीही डिझेलला चालत नाही. म्हणून पोलादी नळी बरी. तिचे भोक मूळ नळीएवढेच हवे. व्यास अर्धा केला, तर संथ प्रवाहात, तेवढ्याच दाबाखाली, डिझेल सोळाव्या हिश्शानेच वाहते!

सांधा सोडण्यापूर्वी बाहेरची धूळ पुसावी आणि उघडी तोंडे लगेच बंद करावीत. इंजेक्शन पंपाच्या आतले भाग इतके नेमके बसवलेले असतात की बारीक धूळही त्यांना घासून टाकते. नळीचे तोंड फुलवण्याआधी नट तिच्यावर चढवावा. नंतर तो चढत नाही. सांध्यातील तांब्याचे वायसर नवे घ्यावेत. मऊ तांबे दाबाखाली पसरून बारीक खाचा भरते. एकदा दाबलेले वायसर कठीण झालेले असते. आवळताना एका पान्याने सांधा धरावा व दुसऱ्याने नट फिरवावा, म्हणजे नळी पिळली जात नाही.

शेवटी हवा काढायची. फिल्टरवरचा स्क्रू सैल करून हातपंप मारावा. आधी फेस येतो, मग बुडबुड्यांविना डिझेल. ते वाहत असतानाच स्क्रू आवळावा.

सावधान! हे काम जाणत्या मिस्त्रीचेच. आपण दुरून पाहावे. चालू इंजिनात गळती हाताने चाचपू नये. इंजेक्टरच्या दाबाची धार कातडीतून आत घुसते. जवळ विडी, दिवा किंवा ठिणगी नसावी.

करून पाहा

१. शीतपेयाच्या नळीला पाण्याच्या पातळीवर टाचणीने भोक पाडून पाणी ओढा. भोकातून पाणी गळते, की हवा आत येते?

२. सुई नसलेल्या पिचकारीत पाणी भरून, तोंड बोटाने बंद करून दट्ट्या दाबा. मग थोडी हवा ठेवून पुन्हा दाबा. फरक का पडला?

३. फीडपंपाच्या पुढच्या नळीला चीर पडली, तर डिझेल बाहेर येईल की हवा आत जाईल? कारण द्या.