चामडे कुजते, धातू उरतो : परिसर-अभ्यासाचा एक पाठ

नांगरटीच्या दिवसांत एखादा विद्यार्थी हिरवट गंज चढलेला धातूचा तुकडा गुरुजींपुढे ठेवतो आणि "हे जुने नाणे आहे काय?" असे विचारतो. असा तुकडा नाणेच असेल असे नाही. पुष्कळदा तो चामड्यावर जडविलेला अलंकार असतो. चामडे जमिनीत कुजून जाते, पितळ मागे उरते. तो ओळखावा कसा, हे या पाठात पाहावयाचे आहे.

प्रथम वस्तू उलटी करावी. नक्षी डोळ्यांस भुलविते. खरी साक्ष पाठीमागे असते. खिळ्याचे टोक चकतीवर ठोकून चपटे केलेले दिसल्यास पुढील पत्रा व मागील चकती यांमधील फट मोजावी. नाहीशा झालेल्या चामड्याची जाडी तीवरून कळते.

नंतर आकाराचा विचार करावा.

(१) घुमटाकार फुली : गेंड्याच्या वा म्हशीच्या कातड्याच्या ढालीवर बहुधा अशा चार फुल्या असत. त्या केवळ शोभेच्या नसत. मागील मुठीच्या कड्या त्यांच्याच आधाराने बसविलेल्या असत.

(२) लांबट पोकळ टोपण : चामडे मढविलेल्या म्यानाच्या टोकाची ही तहनाळ असू शकेल.

(३) अक्षरे कोरलेली पट्टी : ही शिपायाच्या पट्ट्यावरील चपरास होय. चपराशी हा शब्द तीवरूनच आला. औंध, फलटण, सांगली, मिरज, जत ही संस्थाने १९४८ साली विलीन झाली. तीवर त्यांपैकी एखाद्याचे नाव असल्यास ती त्यापूर्वीची समजण्यास आधार मिळतो.

(४) घुंगरू व बकल : बैलांच्या गळ्यातील पट्ट्यांवर ती आजही बेंदराला दिसतात. म्हणून केवळ गंज पाहून वस्तू प्राचीन ठरवू नये.

येथे स्वतःची एक चूक सांगणे मी कर्तव्य समजतो. शिक्षक असताना एका मुलाने आणलेली फुली मी वर्गासमोर चिंचेने घासून लखलखीत केली. मुलांनी टाळ्या वाजविल्या. परंतु मागील खिळ्यापाशी चिकटलेला चामड्याचा काळा अंश त्या पाण्याबरोबर वाहून गेला, आणि फुली कशावर होती हे सांगणारा एकमेव पुरावा नष्ट झाला. म्हणून चिंच, राख, लिंबू यांपैकी काहीही लावू नये. वस्तू कोरड्या कागदात ठेवावी. सापडल्याची जागा, खोली व तारीख लिहावी.

धातुशोधक यंत्र घेऊन गडकोटांवर हिंडण्याचा मोह हल्ली वाढत आहे. संरक्षित स्मारकाच्या हद्दीत परवानगीवाचून खोदणे गुन्हा आहे, हे मुलांस स्पष्ट सांगावे. तसेच १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक मोलाची वस्तू सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांस लेखी कळविणे बंधनकारक आहे. अशी वस्तू शाळेच्या कपाटात ठेवून घेणे हितावह नाही.

वर्गकार्य : प्रत्येक विद्यार्थ्याने घरातील बैलाचा पट्टा, दप्तराचे बकल किंवा जुनी चप्पल घेऊन तिची मागील बाजू रेखाटावी. चामडे नाहीसे झाल्यास काय उरेल, ते दुसऱ्या चित्रात दाखवावे. सवड मिळताच साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयास सहल न्यावी. मात्र शस्त्रे पाहताना मुलांस एकच प्रश्न विचारावा : "हे कशावर, कशाने बसविले असेल?"