झिजलेला माउथगार्ड

कबड्डीत पोरांचे गुडघे आणि घोटे सगळे जपतात. दातांकडे लक्ष जातं ते मार लागल्यावर. पकडीत समोरच्याचं डोकं हनुवटीवर आपटतं, कोपर तोंडावर बसतं. चिंचणीत मुलांचा सराव घेताना दातांवर बसवायच्या माउथगार्डबद्दल, तो कधी बदलायचा याबद्दल जे शिकलो, ते इथे लिहितो.

१. बाकावर बसलेला मुलगा माउथगार्ड चघळतो, आणि तो झिजतो तिथेच. माउथगार्डचं ईव्हीए नावाचं मऊ प्लॅस्टिक धक्का शोषून पसरवतं, पण त्यासाठी जाडी हवी. पुढच्या दातांवर साधारण ३ मिलिमीटर. आधी दाढांखालचा भाग पातळ होतो. उजेडासमोर धरला की दातांच्या खुणा दिसतात. खुणा आरपार गेल्या असतील, कडा फाटली असेल, तर तो टाकायचा.

२. चढाई करणाऱ्याचा आवाज ऐका. मला ही सगळ्यात खात्रीची तपासणी वाटते. माउथगार्ड आला मुष्टियुद्धातून: १८९० च्या सुमारास लंडनचे दंतवैद्य वुल्फ क्राउझ यांनी मुष्टियोद्ध्यांच्या वरच्या दातांवर गटापर्चाच्या, म्हणजे रबरासारख्या चिकाच्या, पट्ट्या बसवल्या. मुष्टियोद्ध्याला दात आवळून लढता येतं. आपल्या चढाईपटूला मात्र ३० सेकंदांच्या चढाईत ‘कबड्डी कबड्डी’ स्पष्ट म्हणत राहावं लागतं. नीट बसलेला माउथगार्ड वरच्या दातांना स्वतःच धरून राहतो. सैल झालेला दातांनी दाबून धरावा लागतो. मग शब्द अडखळतात, दम तुटतो, पंचांची शिट्टी वाजते. पुढच्या चढाईला मुलगा तो काढून कमरेला खोचतो. त्याला रागावून उपयोग नाही. माउथगार्ड बदलून द्यायला हवा.

३. कधी कधी माउथगार्ड धड असतो, तोंड बदललेलं असतं. साधारण ६ ते १२ वर्षांत दुधाचे दात पडून कायमचे येतात, जबडा वाढतो. गेल्या हंगामातला माउथगार्ड नव्या दाताला आडवा येतो. चिंचणीत दागिन्यांच्या डाय, म्हणजे साचे, घडवणारी घरं आहेत. साचा केसभर सरकला तर काय होतं हे तिथल्या पालकांना सांगावं लागत नाही. बाकीच्यांना मी मुलाच्या तोंडातच दाखवतो: तोंड उघडल्यावर माउथगार्ड खाली पडला, तर तो त्याचा राहिलेला नाही.

४. गरम पाण्यात मऊ करून चावून बसवायचा माउथगार्ड पुन्हा पुन्हा उकळू नका, प्रत्येक चाव्याला तो पातळ होतो. उन्हात उभ्या गाडीच्या डिकीतही ठेवू नका, आकार बिघडतो. गार पाण्याने आणि मऊ ब्रशने धुवा, भोकं असलेल्या डबीत ठेवा. भावाचा भावालाही देऊ नका.

५. एवढं करूनही कायमचा दात मुळासकट निघालाच, तर तो वरच्या पांढऱ्या भागाला धरून उचला. मुळाला बोट लावू नका, घासू नका. माती लागली असेल तर दुधात हलकेच विसळा आणि जमलं तर लगेच जागेवर बसवा. नाही जमलं तर दुधात ठेवा आणि अर्ध्या तासात दंतवैद्याकडे पोहोचायचं बघा. दुधाचा दात मात्र परत बसवत नाहीत. सामने बहुतेक रविवारी असतात, तेव्हा बोईसर किंवा डहाणूला त्या दिवशी कोण दंतवैद्य असतो, हे आदल्या दिवशी फोन करून विचारून ठेवा.