ऐकायचा वर्ग नव्हे, करायचा वर्ग

फिजिओथेरपिस्टची नोकरी संपल्यावर मी ज्येष्ठ नागरिक संघात आरोग्याचा वर्ग घ्यायला लागले. तोवर तिथे आरोग्य म्हणजे व्याख्यान असायचं. पाहुणे डॉक्टर यायचे, शाल-श्रीफळ व्हायचं, तासभर मधुमेहावर बोलणं आणि मग चहा-बिस्किटं. माना डोलायच्या, घरी मात्र सगळं पहिल्यासारखंच चालायचं. म्हणून बोलणं कमी केलं आणि करून बघणं वाढवलं. त्यातून शिकलेलं हे.

१. आधी करायला लावा, मग सांगा.
हाताशिवायची खुर्ची भिंतीला टेकवायची, दोन्ही हात छातीवर घ्यायचे आणि अर्ध्या मिनिटात किती वेळा पूर्ण उभं राहता येतं ते मोजायचं. शेजारी आधाराला एक जण हवाच. अमेरिकेतल्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेच्या तक्त्यानुसार ६५ ते ६९ वयाच्या बाईंचा आकडा ११च्या खाली किंवा पुरुषांचा १२च्या खाली गेला, तर पडण्याचा धोका वाढला असं समजतात. ‘मी रोज चार फेऱ्या मारतो’ म्हणणारे एक काका सातव्या वेळेला मांडीवर हात टेकवून थांबले. चालणं असूनही मांड्यांतली ताकद गेलीय, हे मला वेगळं सांगावंच लागलं नाही. पुढच्या आठवड्यात व्यायाम विचारायला तेच सगळ्यांच्या आधी हजर!

२. तोल सांभाळण्याचाही रियाज लागतो.
जागतिक आरोग्य संघटना ६५च्या पुढच्यांना आठवड्यातून किमान तीन दिवस तोल आणि ताकदीचे व्यायाम करायला सांगते. नुसत्या चालण्यावर भागत नाही. पण ‘रोज वीस मिनिटं काढा’ म्हटलं की कुणी काढत नाही. ओट्याला हात लावून चहा उकळेपर्यंत आळीपाळीने एकेका पायावर उभं राहा म्हटलं, की बायका लगेच करतात. जुन्या सवयीला नवी सवय बांधली की ती टिकते.

३. आहाराचं बोलणं ताटातून सुरू करा.
‘प्रथिनं वाढवा’ हे वाक्य हवेत विरतं. आपल्याकडे प्रौढांसाठी रोज वजनाच्या दर किलोमागे साधारण ०.८३ ग्रॅम प्रथिनं सुचवलेली आहेत. म्हणजे ५५ किलोच्या आजींना ४५ ग्रॅमच्या आसपास. आता त्यांचं रात्रीचं जेवण बघा: ‘दात नाहीत, भूक नाही’ म्हणून मऊ भात आणि चमचाभर वरण. मग वर्गात आम्ही मार्ग शोधतो. वरण घट्ट करा, मटकीची उसळ मऊ शिजवा, भाताऐवजी पिठलं जास्त घ्या, चालत असेल तर अंडं. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी मात्र आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही बदलू नये.

४. औषधांची पिशवी उघडायला लावा.
घरातलं सगळं आणायचं: गोळ्या, चूर्ण, शेजारणीने दिलेली गुडघेदुखीची गोळीसुद्धा. दोन डॉक्टरांनी दोन वेगळ्या नावांनी दिलेलं एकच औषध पिशवीत निघतं, तेव्हा सगळेच चपापतात. आम्ही गोळ्या बंद करत नाही. फक्त यादी करून ती डॉक्टरांकडे न्यायला सांगतो.

५. ‘विसरतात’ म्हटलं की आधी कान तपासा.
लॅन्सेट आयोगाच्या २०२४च्या अहवालात स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणाऱ्या ज्या १४ बदलता येण्याजोग्या घटकांची यादी आहे, त्यात ऐकू कमी येणंही आहे. आमच्याकडे चष्मा मिरवतात आणि कानाचं यंत्र कपाटात पडून राहतं. मी वर्ग घेताना घरघरणारा पंखा बंद करते आणि सगळ्यांना गोलात बसवते. एवढ्यानेच मागे गप्प बसणारे तोंड उघडतात.

६. कारण ज्याचं त्याला निवडू द्या.
मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात २०१६च्या महिला दिनी आजीबाईंची शाळा सुरू झाली. गुलाबी नऊवारी नेसून, पाटी-दप्तर घेऊन आज्या शाळेत जायला लागल्या. साक्षरतेची आकडेवारी वाढवायला नव्हे, तर अंगठ्याऐवजी सही करता यावी, पोथी वाचता यावी म्हणून. माझ्याकडेही ‘निरोगी वार्धक्य’ मागायला कुणी येत नाही. एकाला वारीत चार पावलं चालायचंय, एकीला नातवाशी जमिनीवर बसून खेळायचंय. ‘आता या वयात काय?’ याचं उत्तर अशा इच्छेतच असतं. व्यायाम तिच्यावरूनच ठरवावा.

७. हजेरीपेक्षा जमणं मोजा.
अधूनमधून मी विचारते, ‘गेल्या खेपेला जमत नव्हतं असं आता काय जमतं?’ उत्तरं साधी असतात. कुणाला बसची पायरी सोपी झालेली असते. कुणाला देवापुढून उठताना सुनेला हाक मारावी लागत नाही. वर्ग चालतोय की नाही, हे मला त्यावरून कळतं.