तपासणी करणाऱ्या यंत्रणेचीही तपासणी
‘मेसा’ या मुक्त ग्राफिक्स सॉफ्टवेअरच्या कारभारातून घेण्यासारखे धडे

माल तयार करणे ही एक गोष्ट व तयार माल तपासून गिऱ्हाइकाच्या हाती देणे ही दुसरी. या दोन्ही गोष्टी कारागीर व व्यापारी जाणतात. परंतु तिसरी एक गोष्ट पुष्कळदा नजरेआड होते. ज्या साधनाने आपण माल तपासतो ते साधनही वेळोवेळी तपासावे लागते. तराजू कितीही चांगला असला तरी ठराविक मुदतीने त्याची पडताळणी करून त्यावर शिक्का घ्यावा लागतो, तो याच कारणाने. संगणकाच्या क्षेत्रात हे काम कसे चालते याचे एक बोलके उदाहरण आज पाहू.

दुभाषी आणि त्याचे कारागीर

संगणकाच्या पडद्यावर जे चित्र उमटते ते ग्राफिक्स चिप काढते. प्रत्येक कंपनीच्या चिपची भाषा वेगळी असते. प्रोग्रॅम व चिप यांच्यामध्ये दुभाष्याचे काम करणाऱ्या सॉफ्टवेअरला ड्रायव्हर म्हणतात. आपल्या दुकानातील संगणकावर लिनक्स चालत असेल व त्यात इंटेल किंवा एएमडीची चिप असेल, तर हा दुभाषी बहुधा ‘मेसा’ हाच असतो. ब्रायन पॉल यांनी १९९३ साली हे काम सुरू केले व १९९५ साली त्याची पहिली आवृत्ती बाहेर पडली. मेसाचा मूळ मजकूर, म्हणजे सोर्स कोड, कोणीही पाहू शकतो व त्यात सुधारणा सुचवू शकतो.

यात सोयही आहे व धोकाही. इंटेल, एएमडी, क्वालकॉम, एनव्हिडिया, रास्पबेरी पाय अशा अनेक चिपांचे ड्रायव्हर एकाच छताखाली आहेत व त्यांचा बराचसा कोड सामाईक आहे. एका कारागिराने आपल्या चिपसाठी सामाईक भागात बदल केला की दुसऱ्याचा ड्रायव्हर बिघडू शकतो. त्या दुसऱ्या चिपचा संगणक पहिल्याजवळ नसतो, त्यामुळे बिघाड त्याला दिसतही नाही.

बिल्ड व तिची देखभाल

यावर उपाय म्हणजे कंटिन्युअस इंटिग्रेशन, संक्षेपाने सीआय. कोणीही बदल सुचवला की तो मुख्य साठ्यात घेण्यापूर्वी यंत्रणा आपोआप संपूर्ण सॉफ्टवेअर नव्याने बांधून पाहते. सोर्स कोडपासून चालता प्रोग्रॅम बांधण्याच्या या कामास बिल्ड म्हणतात. मेसाची बिल्ड एकाच प्रकारे होत नाही. इंटेल-एएमडी जातीचे प्रोसेसर, एआरएम जातीचे प्रोसेसर, अँड्रॉईड, विंडोज या सर्वांसाठी ती वेगवेगळी केली जाते. त्यानंतर तयार ड्रायव्हर प्रत्यक्ष चिपांवर चालवून त्याच्या चाचण्या होतात. ही यंत्रे कोलाबोरा, व्हॉल्व्ह, इगालिया यांसारख्या कंपन्यांच्या प्रयोगशाळांत मांडलेली असतात. सर्व चाचण्या पार पडल्या तरच ‘मार्ज’ नावाचा स्वयंचलित कारकून तो बदल मुख्य साठ्यात जमा करतो.

एकदा मांडली म्हणून ही व्यवस्था आपोआप चालत राहत नाही. बिल्डला लागणारे कंपायलर व इतर हत्यारे एका खोक्यात बांधून ठेवलेली असतात. त्यास कंटेनर म्हणतात. प्रत्येक खोक्यावर एक चिठ्ठी असते. आतले सामान बदलले तर चिठ्ठीही बदलायची, असा नियम आहे. चिठ्ठी तीच राहिली तर जुनेच खोके उचलले जाण्याचा धोका असतो. मग नव्या सामानाची परीक्षा झालीच नाही, हे कोणाच्या लक्षातही येत नाही. दुसरीकडे, नवा कंपायलर आणला की जुन्या कोडमध्ये नव्या तक्रारी निघतात व त्या निस्तराव्या लागतात. म्हणून सांभाळणाऱ्यांचे काम कायमचे आहे.

नापासांची वही

मेसाच्या सीआयमध्ये प्रत्येक ड्रायव्हरसाठी तीन याद्या ठेवतात. आज नापास होतात हे माहीत असलेल्या चाचण्यांची पहिली, कधी पास तर कधी नापास होणाऱ्या चंचल चाचण्यांची दुसरी व मुद्दाम वगळलेल्या चाचण्यांची तिसरी. यातील एक नियम ध्यानात ठेवण्यासारखा आहे. पहिल्या यादीतील चाचणी एखाद्या सुधारणेमुळे पास होऊ लागली, तरी यंत्रणा काम अडवते व यादी दुरुस्त करावयास लावते. उधारी फिटली तरी वहीतून नाव काढायचे राहिले तर वही खोटी ठरते. या याद्यांचेही तसेच आहे.

खोट्या तक्रारीची किंमत

सीआयचा खरा शत्रू म्हणजे खोटी तक्रार. कोडमध्ये दोष नसताना यंत्र बंद पडले, जाळ्यात अडथळा आला, चाचणी चंचल निघाली, आणि निर्दोष माल परत गेला. असे वारंवार झाले की कारागीर कारण न पाहता पुन्हा चाचणी लावू लागतो. मग खरा दोषही त्याच गर्दीत निसटतो.

म्हणून मेसाचा नियम असा आहे की, एका ड्रायव्हरच्या यंत्रशाळेकडून आठवड्यातून एकदाहून अधिक खोटी तक्रार येता कामा नये. यामागचा हिशेब सरळ आहे. प्रत्येक ड्रायव्हरने आठवड्यात एकच चूक केली, तरी ड्रायव्हर अनेक असल्यामुळे रोज कोणाचे तरी काम अडेल. दुसरा नियम वेळेचा. यंत्रशाळेने एका फेरीचे सर्व काम १५ मिनिटांच्या आत संपवले पाहिजे. यंत्रे अपुरी असतील तर चाचण्या कमी कराव्यात, पण रांग तुंबू देऊ नये. एखादी यंत्रशाळा बंद पडली तर तिचे नाव तात्पुरते बाजूला काढतात, म्हणजे एकाच्या अडचणीपायी सर्वांचा कारभार थांबत नाही.

खर्च कोण देतो?

सॉफ्टवेअर फुकट मिळते म्हणून ते तयार करण्यास खर्च येत नाही असे नाही. मेसाचे काम फ्रीडेस्कटॉप या सामाईक ठिकाणी चालते. २०२० च्या फेब्रुवारीत त्याचा हिशेब पाहणाऱ्या एक्स.ऑर्ग फाउंडेशनने जाहीर केले की, त्या वर्षी सुमारे ७५ हजार डॉलर व पुढील वर्षी सुमारे ९० हजार डॉलर खर्च येईल आणि मदत न मिळाल्यास काही महिन्यांत सीआय बंद करावी लागेल. खर्चाचा मोठा वाटा बिल्डची खोकी व तयार फाइली बाहेरच्या यंत्रांना पुन्हा पुन्हा पुरवण्याचा होता. म्हणजे पैसा खात होती ती ने-आण. एकदा आणलेली वस्तू यंत्रशाळेतच जवळ साठवून ठेवणे हा अशा खर्चावरचा साधा उपाय आहे.

पुढे इक्विनिक्स या कंपनीने यंत्रे पुरवली. ती मदत २०२५ साली संपली, तेव्हा संपूर्ण बिऱ्हाड हेट्झनर या जर्मन कंपनीच्या भाड्याच्या यंत्रांवर हलवावे लागले. दात्याच्या आधारावर चालणाऱ्या कामाने आधार सुटण्याच्या दिवसाची तयारी आधीच ठेवावी, हा यातील बोध होय.

आपल्यासाठी

जे तरुण संगणक दुरुस्ती किंवा सॉफ्टवेअरच्या धंद्यात आहेत, त्यांनी मेसाचे हे काम उघड्यावर चालते हे ध्यानात घ्यावे. बिल्ड का मोडली, कोणी कशी दुरुस्त केली, हे सारे कोणासही पैसा न देता वाचता येते. उस्तादाच्या शेजारी बसून हात पाहावा तसे हे शिक्षण आहे.

ज्यांचा संगणकाशी संबंध नाही, त्यांनीही आपल्या कारखान्यात चार प्रश्न विचारून पाहावेत. माल कारखान्याबाहेर जाण्यापूर्वी तपासला जातो की तक्रार आल्यावर? तपासणाऱ्याच्या शब्दावर कारागिरांचा विश्वास आहे काय? दोषांची वही खरी आहे काय? आणि तपासणीचा खर्च कोणाच्या खाती पडतो, हे मालकास ठाऊक आहे काय? या चारांची उत्तरे ज्याच्यापाशी तयार आहेत, त्याच्या मालावर गिऱ्हाईक निर्धास्तपणे हात ठेवील.