कुठे हात सैल, कुठे आखडता

अगं, वर्षा मॅरेथॉनला नाव दिलंस ते उत्तम केलंस. पण पाठोपाठ अठरा हजारांच्या बुटांचा फोटो पाठवून "मावशी, घेऊ का?" असं विचारलंस, म्हणून हे सगळं एकदाच सांगून टाकते. खरेदी करताना किमतीआधी एक बघायचं: ही वस्तू ऐनवेळी दगा देऊन गेली तर काय होईल? "दोन मिनिटं उशिरा पोचेन" असं उत्तर आलं तर हात आखडता घ्यायचा. "महिनाभर घरी बसेन" किंवा "हाड मोडेल" असं आलं, तर हात सैल सोडायचा.

बूट या दुसऱ्या वर्गातले. ठाण्यातले रस्ते बघ, आमचा कल्याण-शीळ रस्ता बघ, सगळीकडे काँक्रीट. फुटपाथ म्हणजे उखडलेले पेव्हर ब्लॉक. पाय रोज त्यावरच आपटायचे असतात. पण सैल हात म्हणजे महागातले बूट नव्हेत, मापाचे बूट. संध्याकाळी दुकानात जा, कारण दिवसभरात पाय सुजलेले असतात. धावताना घालणार तेच मोजे घालून बघ. अंगठ्यापुढे बोटभर जागा हवी, टाच मात्र हलता कामा नये. गेल्या वर्षीचं मॉडेल सवलतीत चार-पाच हजारांना मिळतं, तेच घे. आणि जमलं तर दोन जोड घे. पावसाळ्यात आपल्याकडे भिजलेला बूट दोन दिवस वाळत नाही, वर्तमानपत्राची रद्दी कोंबली तरी ओलसरच राहतो. ओल्या बुटांत फोड येतात आणि ऐन सरावाच्या आठवड्यात पाय वर करून बसावं लागतं. एक जोड ५०० ते ८०० किलोमीटर चालते. तेवढी पुरवायची असेल तर ते बूट घालून लोकल पकडायची नाही आणि भाजीलाही जायचं नाही.

आता ते अठरा हजारवाले, कार्बनच्या पट्टीचे. नायकीने २०१७ मध्ये आपले असे बूट बाजारात आणले, तेव्हा प्रयोगशाळेत धावायला लागणारी ऊर्जा सरासरी चार टक्के कमी झालेली दिसली. पण त्या चाचणीतले लोक ताशी १४ ते १८ किलोमीटरने धावत होते. तू दहाने धावतेस. त्या वेगाला फायदा खूपच कमी होतो. एक टक्का धरला तरी अर्ध मॅरेथॉनमध्ये सव्वा मिनिट. सव्वा मिनिटासाठी अठरा हजार मी तरी देणार नाही, आणि तुझ्या आईलाही देऊ देणार नाही.

उलट टोकाचे सल्लेही मिळतील. सावरपाड्याची कविता राऊत अनवाणी धावतच पुढे आली, अबेबे बिकिलाने १९६० मध्ये रोम ऑलिंपिकच्या मॅरेथॉनमध्ये अनवाणी सुवर्णपदक घेतलं, मग बूट हवेतच कशाला, असं कुणीतरी सांगेलच. त्याला म्हणावं, याच बिकिलाने १९६४ मध्ये टोकियोला बूट घालून पुन्हा सुवर्ण जिंकलं, आणि वेळ रोमपेक्षा तीन मिनिटांनी कमी होती. शिवाय लहानपणापासून मातीत कमावलेले पाय वेगळे आणि ऑफिसच्या एसीत वाढलेले वेगळे.

कपड्यांत मात्र कंजूषी कर. टी-शर्ट विकत घेऊच नकोस, प्रत्येक शर्यतीत एक मिळतोच, आमच्याकडे तर फडक्यांनाही पुरून उरले. सुती मोजे तेवढे टाळ. खर्च करायचा तो स्पोर्ट्स ब्रावर. पुरुषमंडळी हे सांगत नाहीत, त्यांना ठाऊक नसतं. तासाभराच्या पळण्यात सैल किंवा रुतणारी ब्रा घातली तर पट्ट्याखाली असे ओरखडे उठतात की आंघोळीचं पाणी लागलं तरी ओरडशील. दुकानात घालून जागच्या जागी उड्या मारून बघ, लाजू नकोस. काखेत, मांड्यांना व्हॅसलीन, नाहीतर घरातलं खोबरेल.

घड्याळ नको. फोन आहे. जेलची पाकिटंही नकोत, खजूर, राजगिरा चिक्की चालते. फक्त काय पचतं ते सरावात आधीच बघून ठेव. ओआरएसवर डब्ल्यूएचओचं सूत्र लिहिलंय ना, ते वाचून घे, आणि लिटरची पुडी लिटरभर पाण्यातच घाल.

सायकलीचं वेड पुढच्या वर्षी लागेलच, म्हणून तेही ऐकून ठेव. ब्रेव्हेमध्ये, म्हणजे ठरल्या वेळेत लांबचं अंतर सायकलने कापायच्या फेरीत, २०० किलोमीटरला साडेतेरा तास देतात. पहाटे सहाला निघालीस आणि रेंगाळलीस तर संध्याकाळी साडेसात वाजतील, थंडीत तोवर अंधार. तिथले नियम सायकल कितीची हे विचारत नाहीत. हेल्मेट आहे का, अंधारात पुढचा-मागचा दिवा आणि चमकणारं जॅकेट आहे का, हे विचारतात. घोडबंदरच्या ट्रकवाल्यालाही तेवढंच दिसायला हवं. दिवे चांगले घे, मागचे दोन. हेल्मेटच्या आत ईएन १०७८ असं छापलेलं बघ. दोन हजारांचं असो की पंधरा हजारांचं, त्या मानकाची कसोटी एकच. वरचे पैसे वजनाचे आणि हवेचे. पण एकदा जोरात आपटलं की आतला थर्माकोल कामातून गेला. वरून धड दिसलं तरी टाकून द्यायचं.

टायर २८ किंवा ३२ मिलिमीटरचे घे. २३ चे बारीक टायर आपल्या खड्ड्यांत ट्यूब खातात. चेन दर पावसाळ्यानंतर मोजून घे. ती पाऊण टक्का ताणली की बदल, नाहीतर मागची दातेरी चक्रंही झिजतात आणि शेकड्यांचं काम हजारांवर जातं.

पहिली सायकल जुनीच घे. ॲल्युमिनियमची किंवा लोखंडी, कार्बनची जुनी नको, आतली चीर बाहेरून दिसत नाही. जुनं हेल्मेट तर फुकट मिळालं तरी नको. विकणाऱ्याला रविवारी सकाळी कल्याणच्या गांधारी पुलाजवळ बोलाव, मी येते. तिथे रस्ता सपाट आहे, गिअर नीट पडतात का ते कळेल. ब्रेक मात्र येऊरच्या उतारावर बघायचे. तोवर पैसे देऊ नकोस.